एक रांजण, दोन गावं

सदर : बाईंचा तास



मागच्या सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत मोठं भांडण झालं. मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते, पहिला घास तोंडात घालते न घालते तोच चौथीची पाच-सहा मुलं धापा टाकत दारात हजर!

"बाई, बाई! सातवीच्या मुलांनी आमचं पाणी संपवलं!"

मी तशीच उठले. आमच्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची एक टाकी आहे. तिला दोन नळ जोडलेले आहेत. एक पुढच्या पटांगणात, तो लहान वर्गांचा. दुसरा शाळेच्या मागच्या बाजूला, तो मोठ्या वर्गांचा. पुढचा नळ कोरडा पडला होता. मागच्या नळावर सातवीची मुलं कबड्डी खेळून आलेली, हातपाय धूत उभी होती.

"काय रे, तुम्ही लहानांचं पाणी संपवलंत?" मी विचारलं.

त्यांच्यातला एक उंच मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही आमच्या नळाचं पाणी घेतलं. त्यांच्या नळाला आम्ही हात तरी लावला का? विचारा त्यांना!"

आणि खरंच होतं की ते! कुणीच कुणाच्या नळाला हात लावला नव्हता. तरी पाणी संपलं होतं.

मी फक्त एवढंच विचारलं, "नळ दोन आहेत. टाकी किती आहेत रे?"

सगळे गप्प.

दुपारी मी चौथी आणि सातवी, दोन्ही वर्ग व्हरांड्यात एकत्र बसवले, जगाचा नकाशा भिंतीला टांगला आणि त्यांना एक गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे, आणि अजून संपलेली नाही. तीच आज तुम्हाला सांगते.

वाळवंटातली जुळी शहरं

नकाशात उत्तर अमेरिका शोधा. अमेरिका देशाच्या खाली मेक्सिको आहे. दोघांच्या मधल्या सीमेवर, बरोबर मध्याच्या आसपास बोट ठेवा. इथे दोन शहरं एकमेकांना अगदी खेटून उभी आहेत. वरचं एल पासो, ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. खालचं हुआरेझ, ते मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात. (हो, हो, तुम्हाला माहीत असलेला तो एवढासा कुत्रा, त्याचं नाव याच राज्यावरून पडलं!)

दोन्ही शहरांच्या मध्ये फक्त एक नदी. पुलावरून चालत गेलं की दुसरा देश! एकीकडे राहायचं आणि नोकरीला किंवा शाळेला रोज दुसरीकडे जायचं, असं करणारे पुष्कळ लोक इथे आहेत. मामा या काठावर आणि आत्या त्या काठावर, अशीही घरं आहेत. कारण मुळात ही एकच वस्ती होती. तिचं नाव होतं पासो देल नोर्ते, म्हणजे उत्तरेकडची वाट. पुढे अमेरिका आणि मेक्सिको यांचं युद्ध झालं. १८४८ मध्ये तह झाला आणि नदी ही सीमा ठरली. वस्तीची दोन गावं झाली आणि दोन गावांचे दोन देश!

हा सगळा प्रदेश वाळवंटी आहे. वर्षाला पाऊस पडतो जेमतेम २२-२३ सेंटीमीटर. म्हणजे किती कमी? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४ सेंटीमीटर पाऊस झाला होता. आईबाबांना विचारा, त्यांना तो दिवस नक्की आठवत असेल. मुंबईत त्या एका दिवसात जेवढा पाऊस पडला, तेवढा पडायला एल पासोला चार वर्षं लागतात!

आता माणसं किती ते पाहा. १९५० मध्ये दोन्ही शहरं साधारण सारखीच होती. एल पासोत सुमारे १ लाख ३० हजार लोक आणि हुआरेझमध्येही जवळपास तेवढेच. मग १९६५ पासून सीमेलगत मेक्सिकोच्या बाजूला कारखाने निघू लागले. सुटे भाग आणायचे, जोडायचे आणि तयार माल परत अमेरिकेला पाठवायचा, असे कारखाने. कामासाठी दूरदूरच्या खेड्यांतून माणसं हुआरेझला आली. २०२० च्या जनगणनेत एल पासोची लोकसंख्या भरली सुमारे ६ लाख ८० हजार आणि हुआरेझची १५ लाखांवर!

पाऊस मात्र वाढला नाही. तो तेवढाच.

"आमच्या हद्दीतलं पाणी आमचं!"

मधल्या नदीचं नाव काय? अमेरिकेतले लोक म्हणतात रिओ ग्रांडे, म्हणजे मोठी नदी. मेक्सिकोतले म्हणतात रिओ ब्राव्हो, म्हणजे रागीट, बेफाम नदी. एकाच नदीला दोन नावं.

ही नदी वर कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरांवर जे बर्फ पडतं, ते वितळून निघते. तिची लांबी सुमारे ३ हजार किलोमीटर. एल पासोला पोचली की तिथून थेट समुद्रापर्यंत ती सीमेचं काम करते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काय झालं, वरच्या भागातल्या अमेरिकन शेतकऱ्यांनी पाट काढून शेतीला पाणी घ्यायला सुरुवात केली. खाली हुआरेझच्या शेतकऱ्यांची नदी उन्हाळ्यात कोरडी पडू लागली. पिढ्यान् पिढ्या ज्या पाटावर द्राक्षमळे आणि शेतं पिकवली, तो पाटच सुकला. मेक्सिकोने तक्रार केली.

१८९५ मध्ये अमेरिकन सरकारचे सर्वांत मोठे कायदा अधिकारी होते हार्मन नावाचे गृहस्थ. त्यांनी मत दिलं, की आपल्या हद्दीतल्या पाण्याचं काय करायचं हा ज्या त्या देशाचा प्रश्न आहे. खालच्या देशाला पाणी सोडायलाच हवं असं बंधन कायद्यात नाही.

हे ऐकल्याबरोबर व्हरांड्यात बसलेली चौथीची मुलं सातवीच्या त्या उंच मुलाकडे बघून हसायला लागली. "बाई, हा पण तेच म्हणाला होता! आमच्या नळाचं पाणी आम्ही घेतलं!"

तोही हसला. पण त्यानं एक चांगला प्रश्न विचारला, "मग पुढे काय झालं? त्यांनी पाणी दिलं की नाही?"

दिलं. "कायद्यानं बंधन नाही" असं म्हणणाऱ्या अमेरिकेनंच पुढे मेक्सिकोशी करार केला. कारण शेजारी काही बदलता येत नाही. भांडण रोज उशाला घेऊन झोपणं कुणालाच परवडत नाही. १९०६ मध्ये ठरलं, की अमेरिकेने दरवर्षी हुआरेझच्या मोठ्या पाटाच्या तोंडाशी सुमारे २.६ टीएमसी पाणी द्यायचं. टीएमसी हा शब्द तुम्ही धरणांच्या बातम्यांत ऐकता ना? एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. आपलं कोयना धरण पूर्ण भरलं की सुमारे १०५ टीएमसी साठा असतो. त्यावरून अंदाज करा, की २.६ हा आकडा तसा लहानच आहे.

पाणी वेळेवर देता यावं म्हणून वर न्यू मेक्सिको राज्यात १९१६ मध्ये एक मोठं धरण पूर्ण झालं. त्याचं नाव एलिफंट ब्यूट. तिथली एक टेकडी हत्तीसारखी दिसते म्हणून हे नाव!

या करारात एक कलम मला फार आवडतं. भयंकर दुष्काळ पडला तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पाण्यात जेवढी कपात होईल, त्याच प्रमाणात मेक्सिकोच्या पाण्यातही करायची. म्हणजे एकाचं ताट भरलेलं आणि दुसऱ्याचं रिकामं, असं नाही. दोघांनीही चतकोर भाकरी कमी खायची. आणि असे दुष्काळ पुष्कळ पडले. अलीकडच्या काही वर्षांत तर ते धरण ऐन उन्हाळ्यात एक-दशांशही भरलेलं नव्हतं. आज एल पासोजवळ नदीचं पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडं असतं. वरून पाणी सोडलं तरच ती वाहते.

इथे हा देणारा, तिथे तो देणारा

गंमत पुढेच आहे. एल पासोच्या खाली तीनेकशे किलोमीटर नदीत फारसा जीव उरत नाही. मग मेक्सिकोतून कोन्चोस नावाची नदी येऊन तिला मिळते आणि ती पुन्हा नदीसारखी दिसू लागते. म्हणजे वर अमेरिका देणारी आणि मेक्सिको घेणारा, तर खाली मेक्सिको देणारा आणि अमेरिका घेणारी!

त्यासाठी १९४४ मध्ये दुसरा करार झाला. मेक्सिकोने आपल्या सहा नद्यांमधून वर्षाला सरासरी १५ टीएमसीच्या वर पाणी अमेरिकेला द्यायचं. हिशेब मात्र दरवर्षी नाही, पाच वर्षांचा एकदम. एखादं वर्ष कोरडं गेलं तर पुढच्या वर्षी भरून काढायला सवड मिळावी म्हणून. आणि अमेरिकेने दूर पश्चिमेकडच्या कोलोरॅडो नदीतून मेक्सिकोला वर्षाला सुमारे ६५ टीएमसी द्यायचं.

कागदावर सगळं ठीक. पण २०२० मध्ये पाच वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा मेक्सिकोकडे बरंच पाणी देणं बाकी होतं. सरकारने चिवावातल्या ला बोकिया धरणातून पाणी सोडायला घेतलं. तिथले शेतकरी म्हणाले, "आमची पिकं जळतील, आम्ही काय खायचं?" सप्टेंबरमध्ये त्यांनी धरणाचा ताबाच घेतला. त्या संघर्षात गोळीबार झाला आणि एका बाईचा जीव गेला. अखेर ऑक्टोबरमध्ये दोन्ही सरकारांनी बोलणी केली आणि मेक्सिकोने सीमेवरच्या धरणांतलं आपल्या वाट्याचं साठवलेलं पाणी अमेरिकेच्या नावावर करून देणं फेडलं. पुढची पाच वर्षं २०२५ मध्ये संपली, तेव्हाही पाणी कमीच पडलं होतं.

तेव्हा मुलांनो, पाण्याचा करार म्हणजे नुसती सही नव्हे. त्या सहीमागे कुणाचं तरी शेत असतं.

सीमारेषाच सरकली!

आता एक मजेशीर गोष्ट. नदी ही सीमा असेल आणि नदीनंच आपली वाट बदलली तर?

असं खरंच झालं. १८६४ च्या पुरात रिओ ग्रांडे दक्षिणेकडे सरकली. मेक्सिकोची सुमारे ६०० एकर जमीन नदीच्या पलीकडे, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला गेली. या भागाचं नाव चामिझाल. "जमीन आमची!" "नाही, नदीच्या अलीकडची म्हणून आमची!" असं भांडण किती वर्षं चाललं असेल? जवळजवळ शंभर! १९११ मध्ये पंच नेमले, त्यांनी निवाडा दिला, तो अमेरिकेने मानला नाही. शेवटी १९६३ मध्ये करार झाला. बरीचशी जमीन मेक्सिकोला परत मिळाली. एल पासोतल्या सुमारे पाच हजार लोकांना आपली राहती घरं सोडावी लागली. आणि नदीनं पुन्हा खोडी करू नये म्हणून तिथे तिला सिमेंटच्या पात्रात बांधून टाकली.

म्हणजे जमिनीचं भांडण मिटलं. नदीच्या पाण्याचा हिशेब ठरला. मग राहिलं काय?

राहिलं ते, जे डोळ्यांना दिसत नाही.

जमिनीखालचा रांजण

या दोन्ही शहरांच्या खाली, जमिनीच्या पोटात, वाळू आणि खडीचा एक प्रचंड मोठा थर आहे. त्यात हजारो वर्षं मुरलेलं पाणी साठलेलं आहे. त्याचं नाव ह्वेको बोल्सोन. बोल्सोन म्हणजे स्पॅनिशमध्ये मोठी थैली. निसर्गानं भरून ठेवलेली पाण्याची थैलीच ती. आपण तिला रांजण म्हणू या.

नदीच्या मधोमध सीमारेषा आहे. पूल आहे, चौकी आहे, पहारा आहे. पण खालच्या रांजणात काही भिंत नाही. एल पासोच्या विहिरी त्यातूनच पाणी उपसतात आणि हुआरेझच्याही. हुआरेझला तर नळाच्या पाण्यासाठी जवळजवळ सगळा आधार जमिनीखालच्या पाण्याचाच, कारण करारानं मिळणारं नदीचं पाणी शेतीकडे जातं. म्हणजे एकाच शहाळ्यात दोघांनी दोन नळ्या घातल्या आहेत! वरून पाऊस इतका थोडा पडतो, की उपसलेलं पाणी पुन्हा भरून येणं फारच अवघड.

विसाव्या शतकात दोन्ही शहरांनी भराभर पाणी ओढलं. पाण्याची पातळी काही ठिकाणी शंभर फुटांहून जास्त खाली गेली. आणि नुसतं पाणी खाली गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण या रांजणात गोड्या पाण्याच्या आजूबाजूला आणि खाली खारं पाणीही आहे. गोडं पाणी फार जोरात ओढलं की खारं पाणी त्याच्या जागी सरकत येतं. काही विहिरींचं पाणी असं खारट झालं. सत्तरच्या दशकात जसा उपसा चालला होता तसाच चालू राहिला, तर २०३० च्या सुमारास एल पासोच्या बाजूचं गोडं पाणी संपेल, अशी भीती तज्ज्ञांनी घातली होती.

"मग त्यांनी याचाही करार का नाही केला?" चौथीतल्या एका मुलीनं विचारलं.

अगदी बरोबर विचारलंस, मी म्हटलं. नदीच्या पाण्याला करार आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या वाटणीचा करार दोन्ही देशांत आजही नाही. १९७३ मध्ये एवढंच ठरलं, की असा मोठा करार होईपर्यंत, शेजाऱ्यावर परिणाम होईल असं काही नवं काम काढण्याआधी एकमेकांशी बोलायचं. तो मोठा करार अजून व्हायचाच आहे.

अडचण अशी, की दोन्हीकडचे कायदेच निराळे आहेत. मेक्सिकोत जमिनीखालचं पाणी राष्ट्राचं मानतात. सरकारची परवानगी घेऊन ते उपसायचं. टेक्सासमध्ये ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. हवं तितकं उपसावं, असा जुना नियम. पाणी तेच. सीमेच्या त्या बाजूला ते सगळ्यांचं, या बाजूला एकट्याचं! आता त्या पाण्याला काय ठाऊक आपण कुठल्या देशात आहोत ते?

आणि हे भांडण नुसतं कागदावरचं नाही. हुआरेझच्या कडेला, वाळूच्या टेकड्यांवर कारखान्यात काम करणाऱ्या गरीब लोकांच्या वस्त्या वाढल्या. कित्येक घरांना वर्षानुवर्षं नळ नव्हता. टँकर यायचा, त्याला तिकडे पिपा म्हणतात. लोक दारात पिंपं ठेवून वाट बघत बसायचे. अमेरिकेच्या बाजूलाही शहराबाहेर अशा वस्त्या होत्या. टँकरची वाट बघणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना मी सांगायला नको.

आधी वही उघडली

मग मार्ग कसा निघाला? एकदम नाही निघाला. थोडा थोडा निघाला, आणि अजून पुरता निघालेला नाही.

एल पासोनं आधी स्वतःच्या घरात बघितलं. सत्तरच्या दशकात तिथे शहराचा सगळा वापर माणसांमागे वाटला, तर रोज माणशी साडेसातशे लिटरच्या वर पाणी लागत होतं! वाळवंटात दारासमोर हिरवंगार लॉन, त्याला रोज पाणी. आपल्या खेड्यांत जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे, त्याच्याशी ताडून बघा. १९९१ मध्ये त्या शहरानं नियम केले. बागेला पाणी ठरल्या वारीच घालायचं; घराचा नंबर सम असेल तर हे वार, विषम असेल तर ते वार. जास्त पाणी वापरलं तर जास्त दर. पुढे लॉन काढून टाकणाऱ्यांना महापालिकेनं पैसेसुद्धा दिले. माणशी वापर हळूहळू पाचशे लिटरच्या आसपास उतरला. अजूनही तो पुष्कळच आहे, पण शहर वाढत असताना वापर कमी झाला, हे सोपं नाही.

दुसरं, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा रांजणात सोडायचं, हे काम त्या शहरानं १९८५ पासूनच सुरू केलं होतं.

तिसरं, खाऱ्या पाण्याशीच त्यांनी मैत्री केली. २००७ मध्ये एल पासोत खारं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना सुरू झाला. तुमच्यापैकी काहींच्या घरी आरओचा फिल्टर असेल, तीच युक्ती, पण केवढी मोठी! दिवसाला १० कोटी लिटरपर्यंत गोडं पाणी तो देऊ शकतो. शिवाय गोड्या विहिरींकडे सरकणारं खारं पाणी वाटेतच उपसलं जातं. मात्र त्याला वीज लागते, पैसा लागतो, आणि उरलेलं अतिखारं पाणी नळातून लांब नेऊन खोल जमिनीत सोडावं लागतं. फुकट काहीच मिळत नाही.

हुआरेझनंही केलं. तिथे पूर्वी शहराचं सांडपाणी शुद्ध न करताच शेतीला जायचं. २००० च्या सुमारास सांडपाणी शुद्ध करणारी मोठी केंद्रं सुरू झाली, आणि त्यासाठी दोन्ही देशांच्या भागीदारीतल्या एका बँकेनं मदत केली.

पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. नव्वदच्या दशकात दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी आपापल्या विहिरींच्या नोंदी टेबलावर एकत्र ठेवल्या. किती विहिरी, किती खोल, किती उपसा, पाणी कितपत खारं. १९९८ मध्ये ती सगळी माहिती दोन्ही देशांच्या संयुक्त सीमा आयोगातर्फे एका अहवालात आली. तोपर्यंत प्रत्येकाकडे रांजणाचं अर्धंच चित्र होतं. आपलं अर्धं बघून "आम्ही फार काही घेत नाही" असं म्हणणं सोपं असतं. दोन्ही अर्धी जोडली तेव्हा सगळा रांजण दिसला.

आज त्या दोन शहरांत मिळून वीस लाखांवर माणसं आहेत. त्यांच्या रांजणाची वाटणी कागदावर ठरलेली नाही. उद्या पाऊस आणखी कमी झाला, डोंगरावर बर्फ कमी पडलं, की दोघंही पुन्हा जमिनीखालीच नळी घालणार. तेव्हा करार लागेल. आणि करार करायचा तर आधी एकमेकांच्या वह्या उघड्या असाव्या लागतील.

आणि आमची टाकी?

गोष्ट संपल्यावर सातवीचा तो उंच मुलगा उठला. "बाई, आपणही वही करू या का?"

केली. आमच्या शिपाईकाकांनी एका काठीवर खडूनं खुणा केल्या. रोज शाळा भरताना, मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटताना टाकीत काठी बुडवून पाणी मोजतात. चौथीचा एक आणि सातवीचा एक असे दोघं खाली वही घेऊन उभे राहतात आणि काका वरून आकडा ओरडतात. आठवडाभराची वही माझ्यासमोर आहे. सातवीच्या नळाचं पाणी जास्त जातं, हे उघड झालं. पण मोठ्या वर्गांची मुलंही जास्त आहेत, हेही उघड झालं!

आता नवाच वाद सुरू आहे. चौथीची मुलं म्हणतात, दोन नळ आहेत तर अर्धं अर्धं. सातवीची म्हणतात, डोकी मोजा आणि माणशी वाटा. पहिलीच्या बाई म्हणतात, आमची पोरं लहान, ती तहान दाबून ठेवू शकत नाहीत, तेव्हा पिण्याचं आधी काढून ठेवा आणि मग हातपाय धुण्याचं वाटा. तिघांचंही म्हणणं मला खोटं वाटत नाही. शनिवारी बैठक आहे.

तुम्हाला काय वाटतं? एल पासो आणि हुआरेझनं आपला रांजण कसा वाटावा? अर्धा अर्धा? माणसं मोजून? की आधी पिण्याचं आणि मग बाकीचं? विचार करा आणि मला पत्रानं कळवा. "पाणी जपून वापरावं" एवढंच लिहू नका हं, ते सगळ्यांनाच पाठ आहे. वाटणी कशी करायची आणि का, ते लिहा.

करून पाहा

एक काचेचा ग्लास घ्या. अर्ध्या ग्लासात पाणी घेऊन त्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि रंगासाठी थोडा बिटाचा रस घाला. हे झालं खालचं खारं पाणी. आता त्यावर चमचा उलटा धरून, चमच्याच्या पाठीवरून अगदी हळूहळू साधं पाणी ओता. घाई केली नाहीत तर साधं पाणी वर तरंगत राहील. हा तुमचा रांजण! आता सुई नसलेली दोन छोटी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या, एक तुम्ही, एक तुमचा भाऊ किंवा मैत्रीण. टोक साध्या पाण्यात बुडवून आधी अगदी सावकाश पाणी ओढा. मग रंगीत पाण्याच्या जवळ टोक नेऊन दोघांनी एकदम जोरात ओढा. रंगीत पाणी कसं वर चढतं ते बघा, आणि ते कुणाच्या सिरिंजमध्ये आधी आलं तेही!

आईबाबांसाठी

तुमच्या बिल्डिंगची, वाड्याची किंवा वस्तीची टाकी किती लिटरची आहे आणि तिच्यात पाणी येतं कुठून, हे एकदा मुलांना बरोबर नेऊन दाखवा. शेजारच्या बोअरमध्ये आणि आपल्या बोअरमध्ये जमिनीखाली भिंत नसते, हेही सांगा. मुलं पुढचे प्रश्न आपणहून विचारतील. त्यातल्या काहींची उत्तरं आपल्याकडे नसतील, तर तसं मोकळेपणानं सांगायलाही हरकत नाही.

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई